अमेरिका डाव्या हाताला

मी रोह्याच्या एका शाळेत वीसेक वर्षं इतिहास आणि भूगोल शिकवला. एवढ्या काळात माझा स्वतःचा नेहमीचा प्रवास एकच, रोहा ते पेण, नागोठणे-वडखळमार्गे, एसटीनं. कारण पेण ही माझी सासुरवाडी. पण फळ्यावर जगाचा नकाशा लटकवून हातात पट्टी घेतली, की मी नाईलच्या काठानं असा काही हिंडायचो की पुढच्या बाकावरच्या मुलांना वाटावं, सर कालच्या गाडीनं परत आलेत.

घरी तर ही समजूत आणखी पक्की होती. आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहायचो. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. शेजारच्या मुलांशी तिचा कशावरूनही वाद झाला, चंद्रावरून, चीनवरून, पालीच्या शेपटीवरून, की ती सरळ "माझ्या बाबांना विचारू" म्हणायची आणि वाद तिथं संपायचा. मी जे सांगेन ते खरं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ते ती मुलीसमोर बोलत नसे. माझा संसार बराचसा या तिच्या चांगुलपणावर चालला.

तर नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडचा एक मे महिना. सुट्टीत आम्ही नेहमीप्रमाणे पेणला गेलो. सासऱ्यांचा गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणजे घरच. नाहीतर घर म्हणजे कारखानाच म्हणा. मे महिन्यात तिथं माणसांना पाय ठेवायला जागा नसते. ओटीवर, माजघरात, जिन्याखाली, सगळीकडे गणपती. काही अजून पांढरे, काही पितांबर नेसलेले, काहींचं सगळं झालंय, फक्त डोळे नाहीत. डोळे सासरे काढायचे. त्याला आखणी म्हणतात, आणि ती त्यांच्या कारखान्यात दुसऱ्या कोणाच्या हाती जात नसे. माजघराच्या खिडकीशी उजेडाला बसून ते सकाळपासून दिवस कलेपर्यंत एकेका देवाला नजर द्यायचे. मनात काही सलत असेल तेव्हा मात्र ते ब्रश हातात धरत नसत. हे सांगून ठेवतो, पुढे लागेल.

माझा मेहुणा डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जायचा. त्या वर्षी त्यानं मुंबईहून, फूटपाथवरून, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. सोबत दोन कॅसेटी. एकीत विमानं पाडायची होती. ती सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बंद केली. घरात पन्नास देव बसलेत आणि हा कसला ठो ठो आवाज, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या कॅसेटवर नुसती चिठ्ठी चिकटवलेली होती, 'वर्ल्ड क्विझ'.

"इतिहास-भूगोलाचं हाय भावोजी," मेहुणा म्हणाला. "तुमचंच खातं."

मी उगाच हसलो. मुलगी माझ्याकडे असं बघत होती, की मी तो गेम खेळणार नसून तपासणार आहे.

गेम साधा होता. पडद्यावर जगाचा नकाशा, त्यावर चार रंगांचे चार उंट. प्रश्न यायचा, खाली चार उत्तरं. बरोबर उत्तराचं बटण दाबलं की आपला उंट पुढे चालायचा, वेळ पडली तर अटलांटिक महासागरावरूनसुद्धा. चुकलं की तो फतकल मारून खाली बसायचा आणि टीव्हीतून म्हशीनं नाक शिंकरल्यासारखा आवाज यायचा. लाईट गेली की सगळे उंट पुन्हा निघाले तिथं. पेणला तेव्हा लाईट कशी असायची ते पेणकरांना माहीत आहे. आमचा एकही उंट जग फिरून घरी आला नाही.

प्रश्न इंग्रजीत असल्यामुळे मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सावकाश सांगायचो, म्हणजे मला विचार करायला वेळ मिळायचा. हे मेहुण्याच्या लक्षात आलं आणि त्यानं माझ्या भाषांतराला घड्याळ लावायला सुरुवात केली. सासूबाई भाषांतरासाठी थांबतच नसत. त्या जॉयस्टिकवरचं खालचं बटण दाबायच्या, नेहमी खालचंच, आणि चारातल्या दोन वेळा तरी त्यांचं बरोबर यायचं. एकदा फ्रान्सच्या राज्यक्रांतीचं साल त्यांनी पोळी भाजता भाजता, एक हात पुसून ओळखलं. त्या दिवशी त्यांचा हिरवा उंट माझ्या निळ्याच्या पुढे दोन देश होता.

मुलीसमोर माझा उंट बसला तो दुसऱ्या दिवशी. प्रश्न होता, युरोपात जर्मनी नावाचे देश किती? मी भाषांतरही न करता 'एक' दाबलं. उंट बसला. उत्तर म्हणे दोन.

आता यात मी निर्दोष होतो. बर्लिनची भिंत पडून वर्षं झाली होती, शाळेच्या नकाशावरची दोन जर्मनींमधली रेघ मी स्वतः पांढऱ्या रंगानं बुजवली होती. कॅसेट जुनी, एवढाच त्याचा अर्थ. थोड्या वेळानं मॉस्को कोणत्या देशाची राजधानी म्हणून विचारलं, तर उत्तरांत रशियाच नाही, सोव्हिएत संघ. तो देश मोडून झाला होता. मोडलेल्या देशाला मी उत्तर देणार नाही असं जाहीर करून मी जॉयस्टिक खाली ठेवली. वेळ संपला, उंट बसला, पण या वेळी मी उभा होतो.

"म्हणजे गेम चुकतो?" मुलीनं विचारलं.

"गेम चुकतो," मी म्हणालो.

तिनं मामाकडून एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं 'गेमच्या चुका', आणि रकाने आखले: गेम काय म्हणतो, बाबा काय म्हणतात, का. जर्मनीपुढे 'का'च्या रकान्यात आलं, भिंत पडली. मॉस्कोपुढे, देश मोडला. वही घेऊन ती घरभर फिरली. रंगकाम करणाऱ्या बायकांनाही दाखवून आली. त्यातल्या एकीनं मला बघून दुसरीला म्हटलं, "टीवीच्या चुका काढतान गो हे." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे सगळं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न आला. जपानहून सॅन फ्रान्सिस्कोला जवळच्या वाटेनं निघालेलं जहाज कोणत्या दिशेला जाईल? जॉयस्टिकचं वरचं बटण उत्तर दिशा, खालचं दक्षिण, डावं पश्चिम, उजवं पूर्व. माझ्या डोळ्यांसमोर वर्गातला नकाशा आला. वीस वर्षं मी पट्टी जिथं टेकवत आलो तिथं, अगदी डावीकडे, अमेरिका. जपान उजव्या टोकाला. मी डावं बटण दाबलं.

उंट बसला.

पृथ्वी गोल आहे हे मी दर जूनमध्ये पाचवीच्या वर्गाला शिकवायचो. संत्रं घेऊन शिकवायचो. पण मी नकाशासमोर इतकी वर्षं उभा होतो की पृथ्वी गोल असली तरी माझ्यापुरती ती भिंतीला टांगलेली होती.

"गेम चुकला," मी म्हणालो. मुलीनं वही उघडलीच होती.

हे एवढ्यावर संपलं असतं. पण खिडकीशी बसलेल्या सासऱ्यांचा ब्रश थांबला. ते खेळत नसत, आमच्याकडे बघतही नसत. त्यांनी मान न वळवता विचारलं, "पश्चिमेला कशी, मास्तर?"

मी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं नकाशा काढून दाखवला. इथं आपण, हे उजवीकडे जपान, ही डावीकडे अमेरिका. सासरे चौथी शिकलेले. जावई, त्यात भूगोलाचा मास्तर. त्यांनी मान हलवली, पण ब्रश वाटीत बुडवला नाही.

इथं त्यांची एक पद्धत सांगायला हवी. परगावी जाणारी मूर्ती पेटीत घालायच्या आदल्या दिवशी ते ती पाटावर बसवायचे, आणि तोंड ज्या गावाला जायचं त्या बाजूला करायचे. पुण्याचे गणपती डोंगराकडे तोंड करून, अलिबागचे खाडीकडे. तिन्हीसांजेला सासूबाई निरांजन ओवाळायच्या, आणि सकाळी पेंढ्याच्या गादीवर त्याच तोंडानं मूर्ती पेटीत उतरायची. घरातून निघणाऱ्यानं पाठमोरं निघू नये, एवढंच त्यामागचं त्यांचं सांगणं. सात वर्षांपूर्वी अमेरिकेतून पहिल्यांदा मागणी आली, ती सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूच्या मराठी मंडळींची. तेव्हा सासऱ्यांनी बोटीच्या एजंटाला विचारलं होतं, जहाज कुठल्या बाजूनं जातं? तो म्हणाला, आधी सिंगापूर, मग पुढं. सिंगापूरला सासऱ्यांचे गणपती आधीपासून जायचे, पूर्वेला. तेव्हापासून अमेरिकेचेही पूर्वेला, डोंगराकडे बघत. आत्ताही पडवीत पाच मोठे गणपती पाटांवर बसले होते, डोंगराकडे तोंड करून. ट्रक उद्या सकाळी येणार होता.

जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी दोन कामगारांना हाक मारली आणि ते पाचही गणपती फिरवले. कंबरेएवढी शाडूची मूर्ती, रंगलेली, डोळे उघडलेली. एकानं पाट धरायचा, दुसऱ्यानं मागून आधार द्यायचा, तिसऱ्यानं सोंडेकडे लक्ष ठेवायचं. मुंगीच्या चालीनं तासभर ते चाललं होतं. मी ओटीवरून बघत होतो. पाची देव खाडीकडे तोंड करून बसले. मला आपल्या विद्वत्तेचा इतका जड परिणाम कधी बघायला मिळाला नव्हता.

दुपारी मुलगी वही घेऊन आली. तिसऱ्या ओळीत 'का'चा रकाना मोकळा होता.

"बाबा, गेम का चुकला ते सांगा ना."

"नकाशात बघ की."

"पृथ्वी गोल असते. तुम्हीच सांगितलंय. गोलावर दाखवा." आणि तिनं कारखान्यातून आणलेला शाडूचा गोळा माझ्या हातात दिला, मोठ्या पेरूएवढा. त्यावर तिनं तीन तांदूळ टोचले होते. एक पेण, एक जपान, एक अमेरिका. जागा तिनं नीट विचारून-बिचारून टोचल्या होत्या, मुलगी शेवटी भूगोलाच्या मास्तरची.

मी जपानवर बोट ठेवलं आणि डावीकडे निघालो. चीन, मग पेण, मग अरबस्तान, आफ्रिका; बोट पुरेना म्हणून मनगट वाकवलं, मनगट पुरेना म्हणून गोळा फिरवला, आणि बराच प्रवास करून अमेरिकेच्या तांदळाला पोहोचलो. तिथं पोहोचल्यावर मला पलीकडे दिसलं ते जपान. उजव्या बाजूनं निघालो असतो तर अमेरिका दोन बोटांच्या अंतरावर होती.

मी गोळा मुठीत दाबला. जग चपटं झालं, तिन्ही तांदूळ आत गेले.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"माती सुकायला लागली होती," मी म्हणालो. "नंतर सांगतो."

तिनं 'का'च्या रकान्यात लिहिलं, 'बाबा नंतर सांगतील', आणि वही मिटली. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं तेही मला आठवतं. तेव्हा मी ते माझ्या सोयीनं वाचलं.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. दोन तांबे प्यायलो. बायको भाजी निवडत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "उंट बसलाय ना?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. आबांनी ब्रश ठेवलाय, बघितलंत?"

बघितलं नव्हतं. मग बघितलं. खिडकीशी सासऱ्यांची चटई रिकामी, रंगाची वाटी झाकलेली, आणि समोर रांगेनं डोळ्यांची वाट बघणारे गणपती. बाहेर ऊन होतं, आखणीला असा उजेड मिळावा म्हणून ते एरवी जेवणही उशिरा करायचे. ते पडवीच्या पायरीवर पाठीत वाकून बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. मला वाटलं, हवापाण्याचं काही बोलतील.

"सात वर्षं, मास्तर," ते म्हणाले. "सात वर्षं पाठमोरे धाडले. ते काय बोलले असतील मनात?"

ते म्हणजे गणपती. मी "तसं काही नसतं आबा" असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्यांना वाटलं, जावई समजूत काढतोय. "बरं झालं तुम्ही हायत," ते म्हणाले. "नायतर हे पन पाच तसेच गेले असते."

त्या पायरीवरून मी उठलो तेव्हा माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे गप्प बसायचं. पाच देव खाडीकडे बघत जातील, पोहोचतील, अमेरिकेत कोणाला काही कळणार नाही, आणि माझी मुलगी जन्मभर मला जगाचा जाणकार समजेल. दुसऱ्या रस्त्यात हे सगळं जाणार होतं. मी तासभर कारखान्यात नुसता फिरलो. ज्यांना डोळे होते ते सगळे माझ्याकडे बघत होते असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. ते खाडीकडे बघत होते, आणि तेच वाईट होतं.

तिन्हीसांजेला सासूबाई निरांजन घेऊन पडवीत आल्या. मेहुणा शिफ्टहून आला होता, तो पायरीवर बूट काढत होता. मुलगी वही छातीशी धरून उभी. सासऱ्यांनी टोपी नीट केली. सासूबाईंनी हात वर केला, तेवढ्यात मी म्हणालो,

"आबा, थांबा. गेम बरोबर आहे. मी चुकलो."

सासूबाईंचा हात तसाच राहिला.

"जहाज पूर्वेलाच जातं. सकाळी चुकीचं सांगितलं, आणि दुपारी कळलं तरी बोललो नाही."

मेहुण्याचं तोंड उघडलं. "उं..." एवढं निघालंसुद्धा. सासऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो पुन्हा बुटाच्या नाडीला लागला. मुलीकडे बघायचा मला धीर झाला नाही.

सासरे पहिल्या गणपतीच्या पाटाशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे आधीचे गेले ते?"

"बरोबर गेले."

"सातही वर्षं?"

"सातही."

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी पुन्हा घातली. "निरांजन ठेव गो जरा," ते सासूबाईंना म्हणाले. "आन् चहा टाक. मास्तर, तुम्ही शर्ट काढा."

कामगार घरी गेले होते. शर्ट काढून, बनियनवर, मी आणि मेहुण्यानं ते पाचही गणपती परत डोंगराकडे फिरवले, सासरे सोंडेशी उभे राहून "हळू, हळू, जगाला घाई नाय" म्हणत असताना. तिसऱ्या गणपतीला मेहुण्याला बोलल्यावाचून राहवेना. त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, "भावोजी, डोंगर कुठल्या हाताला ते सांगता का?" पाचव्याला माझी कंबर धरली ती पुढे रोह्याला जाईपर्यंत सुटली नाही.

ओवाळणं झालं. चहा झाला. मग मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तिनं वही उलटी केली, मागच्या बाजूनं उघडली आणि पहिल्या पानावर नीट अक्षरात लिहिलं, 'बाबांच्या चुका'. रकाने तेच.

"'का'मध्ये काय लिहू?" तिनं विचारलं.

"नकाशा सपाट होता, असं लिही."

"नकाशा सपाटच असतो बाबा." तिनं पेनाचं टोक बघितलं. "गोळा दाबलात तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला? मलापण तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नंतर सांगतो म्हणाला होतात."

तिनं काहीतरी लिहिलं, हात आडवा धरून, मला दिसू नये म्हणून. मग उठून टीव्ही लावायला गेली. सासूबाईंनी पदराला हात पुसले, खालचं बटण दाबलं आणि त्यांचा हिरवा उंट निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे खिडकीशी बसले होते, वाटीत ब्रश, समोर पहिला गणपती, तेव्हा ट्रक आला. पाच पेट्या चढल्या, प्रत्येकीच्या ज्या बाजूला देवाचं तोंड त्या बाजूला कुंकवाचं बोट लावलेलं, म्हणजे हमालांना कळावं. सासरे ब्रश हातात घेऊनच ओटीवर आले. ट्रक मागे सरकला, गल्लीतून पुढे गेला, आणि रस्त्यावर पोहोचताच खाडीच्या बाजूला, मावळतीकडे वळला.

दोन दिवस दिशांवर न बोलायचं मी ठरवलं होतं.

"मास्तर," सासरे म्हणाले, "बघा. पयली वाट पश्चिमेलाच."

"बंदर तिकडं आहे म्हणून, आबा."

"व्हय, न्हावाशेवा तिकडंच हाय. तेवढं तुमचं खरं." आणि ते आत जाऊन पुन्हा डोळ्यांना लागले.

ती वही अजून आमच्या घरी आहे. पुढच्या बाजूला गेमच्या दोनच चुका राहिल्या, तिसरी खोडलेली. मागची बाजू मात्र पुढे बरीच भरत गेली. काही ओळी बायकोच्या अक्षरातही आहेत. पण पहिली ओळ मुलीचीच, नऊ वर्षांच्या अक्षरातली. 'का'च्या रकान्यात तिनं त्या संध्याकाळी लिहिलेलं आहे, 'दुपारी कळलं, तिन्हीसांजेला सांगितलं.' आणि त्याखाली, ट्रक गेल्यावर लिहिलेलं असणार, कारण शाई वेगळी आहे: 'न्हावाशेव्यापर्यंत बरोबर.'